सव्वातीनचे गुंतवणूकदार

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे अण्णा सकाळी सव्वानऊला ट्रेडर असतात आणि दुपारी सव्वातीनला गुंतवणूकदार होतात. मधल्या वेळात बाजार कसा आहे ते काकूंना टीव्हीशिवाय कळतं. "जेवायला चला"ला "आलो" असं उत्तर आलं तर हिरवा. नुसतं "हं" आलं तर लाल. काहीच आलं नाही, तर काकू मुकाट्याने ताट झाकून ठेवतात.

अण्णांचं तत्त्व एकच: "रात्री सौदा उघडा ठेवायचा नाही. झोप महत्त्वाची." नऊच्या आत आंघोळ, पूजा उरकून ते बसतात. ब्रोकर इंट्राडेला वीस टक्के मार्जिनवर शेअर घेऊ देतो, म्हणजे वीस हजारांत लाखाचा माल. भाव जरा वर गेला की अण्णा विकून मोकळे. चारशे रुपये सुटले तरी संध्याकाळी भजी.

भाव खाली गेला तर? स्टॉपलॉस लावलेला असतोच. पण भाव त्याच्या जवळ आला की अण्णा तोच आणखी खाली सरकवतात. "ऑपरेटर लोक स्टॉपलॉसची शिकार करतात. आपण कशाला सापडायचं?"

तीन वाजले की त्यांचा आवाज बदलतो. "कंपनी मुळात चांगली आहे हो." हे वाक्य ऐकलं की समजायचं, आता डिलिव्हरी घेणार. त्यासाठी उरलेले ऐंशी हजार भरावे लागतात, आणि तेही ब्रोकरने बाजार बंद व्हायच्या आधी स्वतःच सौदा कापण्यापूर्वी. मग पासवर्ड, ओटीपी, चष्मा, सगळं एकदम हरवतं. काकूंच्या किचन ट्रॉल्यांचे पैसे असेच एका दुपारी साखरेच्या शेअरमध्ये गेले.

सेबीनेच अभ्यास करून सांगितलंय की 2022-23 मध्ये शेअरचं इंट्राडे करणाऱ्या दर दहांपैकी सात जण तोट्यात होते. मी हे अण्णांना ऐकवलं. ते म्हणाले, "म्हणजे तिघं कमावतात!" पुढे जरा दुखावून, "आणि मी तोट्यात कुठे आहे? विकलंय कुठे?"

कराचे नियम त्यांना तोंडपाठ. वर्षावर ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर सव्वा लाखापर्यंत कर नाही, पुढे साडेबारा टक्के. वर्षाच्या आत विकला तर सरसकट वीस. पंचाईत एवढीच, की अण्णांकडे वर्ष ओलांडतात ते फक्त पडलेले शेअर. नातवाच्या शिक्षणासाठी दहा वर्षं ठेवायचा म्हणून घेतलेला बँकेचा शेअर चौथ्या दिवशी सहा टक्के वाढला, तर लगेच विकला. "मिळतंय ते का सोडा?" नातवाच्या नावाने घातलेल्या वहीत आता कधीतरी साडेनऊला घेतलेले कागद, सिमेंट आणि कापड आहे. पोरगं बहुधा वाणिज्य शाखेलाच जाईल.

परवा साखर अखेर खरेदीच्या भावाला आली. अण्णांनी विकली. जिना उतरून मलाही सांगून गेले. काकूंनी तासाभरात सुताराला फोन केला. दुपारी तो टेप घेऊन आला, ओट्याखाली वाकला, मापं लिहू लागला. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, "कंपनी मुळात चांगली आहे हो."

काकूंनी त्याला चहा दिला आणि पाठवून दिलं.