ब्रेकवाले मेस्त्री

कोल्हापुरात इंजिनवाले मेस्त्री पैशाला पासरी. म्हादबा मेस्त्रींचं गाव म्हटल्यावर उद्यमनगरातल्या प्रत्येक पोराला आपण जन्मतःच इंजिन उघडायला शिकून आलो असं वाटतं. ब्रेकवाला मेस्त्री मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. इंजिनवाल्याचं काम गाडी पळवण्याचं, याचं थांबवण्याचं. त्यामुळं त्याच्या अंगात रग आणि याच्या अंगात संशय.

हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये याचा दरबार. एखादी म्हातारी टाटा १२१० येऊन थांबते. ड्रायव्हर उतरायच्या आतच सांगतो, "मेस्त्री, ब्रेक जरा टाईट करून द्या. गूळ घिऊन आंबा घाट उतरायचाय."

"टाईट कराय त्यो काय लंगोट हाय व्हय रं?"

इथून तपासणी सुरू होते, ती आधी ड्रायव्हरची. "घाटात गिअर कुठला असतोय?" ड्रायव्हर छातीठोक सांगतो, "तिसरा." मेस्त्री चाकाशी वाकतात, हुंगतात. जळक्या लायनरचा वास खोटं बोलत नाही. "डिझेल वाचवाय न्यूट्रल मारतोस. खरं सांग." ड्रायव्हर एकदम हायवेवरची रहदारी बघू लागतो.

मग मेस्त्री चप्पल काढून केबिनमध्ये चढतात आणि डोळे मिटून पायडलवर पाय ठेवतात. पहिल्या दाबाला पायडल खाली आणि दुसऱ्याला वर आलं, तर लायनर झिजून ड्रमपासून लांब गेलंय. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठं गळतीही नसली, तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. पाय स्प्रिंगवर ठेवल्यासारखा उसळला, तर लायनीत हवा. तोवर शेडमध्ये कुणी खोकायचं नाही.

"गाडी कुणीकडं वडती?"

"उजवीकडं."

"मग डावं चाक खोल."

ड्रायव्हर गोंधळतो. मेस्त्री समजावतात, "उजवं बिचारं काम करतंय, म्हणून तिकडं वडती. डावं नुसतं बसून खातंय. घरातबी असंच असतंय, राबणाऱ्याच्याच नावानं बोंब."

डावा ड्रम निघतो. आत व्हील सिलिंडर पाझरून लायनर ब्रेक ऑइलनं चिंब झालेलं. ड्रायव्हर शक्कल सुचवतो, "पेट्रोलनं धुऊन उन्हात ठिवूया की."

"लेकरं किती?"

"दोन."

"मग नवं घाल. दोन्ही चाकांत. एकीकडं नवं न् एकीकडं जुनं घातलंस, तर ब्रेक मारल्यावर गाडी गिरकी घेती."

तेवढ्यात पोऱ्या ड्रममधली धूळ उडवायला हवेची नळी उचलतो आणि शिवी खातो. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं, हे मेस्त्रींना ठाऊक आहे. धूळ ओल्या फडक्यानंच पुसायची. रिबिटांनी ड्रमला पाडलेली चर बोटानं चाचपून मेस्त्री निकाल देतात, "ड्रम बाद." शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत फाउंड्र्या धगधगतायत, पण फोनवरचा मालक म्हणतो, "लेथवर घासून चालतंय का बघा." मेस्त्री सांगतात, आधीच दोनदा घासलाय, पातळ ड्रम लवकर तापतो आणि तडकतो. फोन कट होतो. थोड्या वेळानं मालकाचा परत फोन येतो आणि नवा ड्रम मंजूर होतो.

शेवटी एअर काढायचा सोहळा. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. पोऱ्या केबिनमध्ये, मेस्त्री गाडीखाली. "मार… मार… धर!" "धरलंय!" निपल ढिली होते, नळीतून बाटलीत बुडबुडे येतात, निपल आवळली जाते. "सोड!" बुडबुडे संपेपर्यंत हेच पारायण.

असा हा माणूस स्वतः सायकलनं येतो-जातो. गावातल्या गाड्यांचे ब्रेक आतून पाहिलेत, हे कारण. एसटीनं गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना तो ड्रायव्हरच्या मागची सीट पकडतो आणि वळणावळणाला स्वतःचा पाय फळीवर दाबतो. वैभववाडीला उतरतो तेव्हा पोटरीत गोळा आलेला असतो.

'ब्रेक फेल होऊन ट्रक दरीत' ही बातमी वाचली की मेस्त्री पेपर आपटतात. "एका दिवसात कधी फेल हुतोय व्हय? महिनाभर आधी बोंबलत असतोय." उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की लायनर तापून पकड सोडतं, ड्रम फुगून लांब जातो आणि पायडल तळाला टेकतं. म्हणून भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढेल, त्याच गिअरमध्ये उतरवायची, हा त्यांचा कायदा.

तेव्हा मालक लोकहो, मेस्त्रींचं बिल जास्त वाटलं तर घासाघीस जरूर करा. पण घाट उतरून परत आल्यावर.