सोळा अँपिअरचे सोयरे

तीस वर्षं यावलमध्ये पोरांना अर्थशास्त्र शिकवलं, त्या बळावर गाव मला ‘सर’ म्हणायचं. इलेक्ट्रिक गाडी घेतल्यापासून मी ‘ते बॅटरीवाले’ झालो आहे. परवा तर एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मुलाला माझी ओळख अशी करून दिली : “पाया पड, हे बॅटरीवाले सर.” मुलगा पाया पडला आणि लगेच गाडीखाली वाकून सायलेन्सर शोधू लागला.

गाडीची पाटी हिरवी, तिच्यावर अक्षरं पांढरी. खासगी इलेक्ट्रिक गाड्यांना अशीच पाटी लावायची, असं केंद्र सरकारने 2018 साली ठरवलं. ते दिल्लीला माहीत आहे आणि मला माहीत आहे. मधल्या मुलखात कुणाला कळल्याचं दिसत नाही. डोंगरकठोऱ्याच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरवाल्याने समोरून हिरवी पाटी येताना पाहिली आणि ट्रॉलीवर घाईघाईने ताडपत्री ओढली. वनखात्याची गाडी समजला बिचारा. ट्रॉलीत काय होतं ते मी पाहिलं नाही. मी त्याच्याहून जास्त घाबरलेलो होतो, कारण माझ्याकडे नऊ टक्के उरले होते.

आमच्या भागात गाडीला पहिला प्रश्न असतो ॲव्हरेजचा. किंमत नंतर.

“सर, ॲव्हरेज काय देते?”

“एका युनिटला सात-आठ किलोमीटर.”

“अन् लिटरले?”

“लिटर नसतंच हिला.”

“मंग पाऊस आला तं शॉक नही लागत का?”

या प्रश्नांमधला तर्क मला अजून सापडलेला नाही. पण विचारणारा मनापासून विचारतो, म्हणून मीही मनापासून सांगतो, आणि तेवढ्या वेळात एअर कंडिशनर एक टक्का खाऊन टाकतो. कंपनीच्या कागदावर ही गाडी एका चार्जिंगमध्ये तीनशे किलोमीटरच्या वर जाते. तो कागद ज्या प्रयोगशाळेत तयार झाला तिथे मे महिन्यातला भुसावळचा वारा शिरत नसावा. पारा पंचेचाळिसावर गेला की माणूस थंड ठेवायला वीज लागते, बॅटरी थंड ठेवायलाही वीज लागते, आणि त्यातून काही उरलं तर गाडी चालते.

तरीही हे सगळं सोसलं असतं. खरी अडचण माझ्या घराच्या पत्त्यात आहे. आमचं घर जुन्या गावातल्या गल्लीत. गल्ली अशी की समोरासमोरून दोन म्हशी आल्या तर एकीला मागे फिरावं लागतं. गाडी उभी राहते बाहेर मोकळ्या जागेवर आणि मीटर राहतो घरात. मधे सात घरं, एक पिंपळ आणि सार्वजनिक नळ. एवढ्यावरून वायर न्यायची म्हटली तर सातही घरांची परवानगी लागेल, आणि त्यांतल्या दोघांचं एकमेकांशी वाटणीवरून बोलणं बंद आहे. इलेक्ट्रिक गाडीचे गोडवे गाणारे लोक ‘रात्री घरी लावायची, सकाळी फुल्ल’ असं सांगतात, तेव्हा ते मनातल्या मनात बंगला धरून चाललेले असतात. ज्याच्या घरापुढे अंगण नाही, त्याने गाडी सार्वजनिक ठिकाणीच चार्ज करायची. पुण्यात फ्लॅटच्या पार्किंगमध्ये पॉइंटला परवानगी द्यावी का, यावर सोसायटीच्या सभा रात्री अकरापर्यंत चालतात म्हणे. आमच्या गल्लीत सभाही नाही आणि पार्किंगही नाही, एवढाच फरक.

आता सार्वजनिक चार्जर कुठे? मोबाइलच्या नकाशावर हिरवी टिंबं दिसतात ती बहुतेक तापीपल्याड, जळगाव-भुसावळच्या राष्ट्रीय महामार्गाला धरून. आम्ही अलीकडच्या काठावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय हवी, असं राज्याच्या 2025 च्या धोरणात लिहिलेलं आहे. चांगलं आहे. त्याच धोरणाने समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलही माफ केला. पण समृद्धीवर पोचेपर्यंत गाडी जिवंत कशी ठेवायची, हे कलम मला त्यात सापडलं नाही.

एकदा विसेक किलोमीटर जाऊन, तापी ओलांडून, अशाच एका टिंबापाशी पोचलो. मशीन होतं, पुढे एक मालवाहू टेम्पो उभा होता आणि टेम्पोच्या सावलीत वॉचमन. टेम्पोवाला जेवायला गेलेला. तो आल्यावर वॉचमनच्या मोबाइलवर माझ्या नंबराने ॲप उतरवून घेतलं. ॲप म्हणालं, आधी पाकिटात पैसे भरा. भरले. मग ओटीपी. ओटीपी माझ्या मोबाइलवर यायला रेंज हवी, रेंजसाठी रस्त्याच्या पलीकडे जायला हवं, आणि पलीकडून येईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. शेवटी वॉचमन पलीकडे माझा मोबाइल घेऊन उभा राहिला आणि ओरडून आकडे सांगू लागला, मी इकडे त्याच्या मोबाइलवर टाकू लागलो. चार्जरची गन गाडीला लागली, पंखे घुमले. बॅटरी उन्हाने तापलेली, म्हणून मशीन आपली चाल हळू करून बसलं. वॉचमन समजूतदार होता. म्हणाला, “सर, एवढ्या वेळात तुम्ही एसटीने जाऊन आले असते.” यात अपमान नव्हता. एसटीचीच विजेवरची ‘शिवाई’ पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला धावायला लागून वर्षं झाली. 1948 साली एसटीची पहिली गाडी ज्या मार्गावर आणि ज्या 1 जूनला सुटली, त्याच मार्गावर, त्याच तारखेला 2022 मध्ये ती सुटली. पण एसटीला आगार असतं. मला गल्ली आहे.

परत येताना दीपनगरच्या चिमण्या आठवल्या की जीव जळतो. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात पाचशे मेगावॅटचे दोन संच, शिवाय 660 मेगावॅटचा नवा. माझी गाडी साध्या प्लगवर फार तर तीन किलोवॅट घेते. सवयीने हिशेब केला : पाचशे मेगावॅटचा एक संच पूर्ण चालला तर माझ्यासारख्या दीड लाखाहून जास्त गाड्या एकाच वेळी चार्ज होतील. दीड लाख! मी तर एकच घेऊन उभा आहे. वीज तयार होते आमच्या शेजारी, राख उडते आमच्या शेजारी, आणि वीज डोक्यावरच्या उंच तारांमधून गुणगुणत दूर निघून जाते.

मग मी सोयऱ्यांकडे वळलो. आमचं खानदेशी नातं मुळातच लांब पल्ल्याचं. दर दहा किलोमीटरला कुणी ना कुणी निघतोच. फैजपूरला मामेभाऊ, सावद्याला आत्या, बामणोदला साडू. नकाशावरची हिरवी टिंबं पुसून मी माझी स्वतःची टिंबं काढली. हव्या होत्या फक्त दोन गोष्टी : गाडी आत जाईल असं फाटक आणि सोळा अँपिअरचा प्लग. ज्यांच्याकडे गेल्या दहा वर्षांत फिरकलो नव्हतो, त्यांच्याकडे मी अचानक नारळ आणि वेफर्सचा पुडा घेऊन जाऊ लागलो. आत्याला वाटलं मी निवडणुकीला उभा आहे.

आत्याच्या घरी पहिल्यांदा वायर लावली आणि चार्जरच्या डबीवर लाल दिवा लुकलुकू लागला. अर्थिंग नाही. घरात पंखा फिरत होता, फ्रिज चालत होता, टीव्हीवर सासू-सुनेचं भांडण जोरात होतं. ही एकटी अडून बसली. “एवढ्या वर्षांत आमच्या लाईटले कोणी नाव नही ठेवलं,” आत्या म्हणाली. तिच्या आवाजावरून सूनबाईच्या माहेरची गाडी आहे की काय असं वाटावं. वायरमनला बोलावलं. त्याने परसात खड्डा दाखवला, कधीकाळी कोळसा आणि मीठ घालून पुरलेला पाइप दाखवला. जमीन कोरडी ठणठणीत. विजेला जमिनीत उतरायला ओल लागते. “पाणी घाला बादलीभर,” तो म्हणाला. आत्याने पाणी घातलं, आणि हात लागलाच आहे तर हळदकुंकूही वाहिलं. पाच मिनिटांत लाल दिव्याचा हिरवा झाला. श्रेय पाण्याचं की कुंकवाचं, यावर त्या घरात दोन पक्ष आहेत. मी तिथे वीज घेतो, म्हणून मत देत नाही.

साध्या प्लगवर रिकामी गाडी भरायला आठ-नऊ तास लागतात. एवढा वेळ पाहुणा घरात असला की यजमानापुढे पर्याय राहत नाही. चहा होतो, पोहे होतात, जेवण होतं, अल्बम निघतात. थंडीत साडूकडे गेलो तर बामणोदची हिरवी वांगी तुरकाठ्यांवर भाजली जातात, कळण्याच्या पुऱ्या होतात, आणि त्यानंतर गाडी ऐंशी टक्के झाली तरी मी उठण्याच्या स्थितीत नसतो. अशाच एका चार्जिंगमध्ये मामेभावाच्या मुलीचं स्थळ निघालं, दुसऱ्या चार्जिंगमध्ये पत्रिका जुळली आणि तिसऱ्यात सुपारी फुटली. वेगवान चार्जर असता तर ते लग्न झालंच नसतं.

साडूचा आग्रह मात्र वेगळा होता. “घरी कायले लावता? मळ्यात लावा. बिल माफ आहे.” साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना सरकारने 2024 पासून मोफत वीज दिली आहे, हे खरं. पण ती केळीसाठी. आयुष्यभर वर्गात अनुदानाच्या गळतीवर व्याख्यानं दिलेल्या माणसाने स्वतःच गळतीला प्लग लावायचा? साडूला हा प्रश्न पडला नाही. “गाडीचं तोंड बागेकडे करा. कोणी विचारलं तं फवारणीची म्हनू.” मी तत्त्वावर नकार दिला. तत्त्वाला निसर्गाचीही साथ होती म्हणा : मळ्यावर थ्री फेज आली की ऑटोस्टार्टर लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज गुडघ्यावर येतं, आणि वर्षातून एखाद्या वेळी डीपीच जळते. त्या गर्दीत माझी गाडी काय खाणार होती?

सोयऱ्यांनाही मर्यादा असते. आत्या तीर्थयात्रेला गेली की सावदा बंद. मामेभावाने फाटकाशी ट्रॅक्टर लावला की फैजपूर बंद. असं असलं की मला बर्था बेंझची आठवण येते. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. मोटारीने केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास तो. पेट्रोल पंप नावाची गोष्ट जन्मायची होती. इंधन संपलं तेव्हा वीस्लोख गावात तिने औषधाच्या दुकानातून लिग्रोइन विकत घेतलं, कारण ते डाग काढायला तिथे ठेवत. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. म्हणजे पेट्रोलच्या गाडीनेही सुरुवात मेडिकलवरच केली होती आणि माहेरच्याच वाटेवर केली होती.

यावलचं वीस्लोख मला आमच्या चक्कीत सापडलं. चक्कीला थ्री फेज, दहा अश्वशक्तीची मोटार, अर्थिंग पक्की, पुढे गाडी उभी राहील एवढी जागा, आणि सर्वांत महत्त्वाचं, सकाळपासून रात्रीपर्यंत तिथे माणूस हजर. सार्वजनिक चार्जिंगवर मी बरंच वाचलं आहे. त्यात गन मोजतात, किलोवॅट मोजतात, किलोमीटर मोजतात. ‘तिथे कुणी असतं का’ हा रकाना मला कुठे दिसला नाही. मी चक्कीवाल्या अण्णांना भीत भीत विचारलं. त्यांनी पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावल्या.

“घेते किती ही?”

“तीन किलोवॅट. तुमच्या मोटारीच्या निम्म्याहून कमी.”

“मंग काय अडचण आहे? दळनच ते. नंबर लावून ठेवा.”

मी त्यांना कायदाही समजावला. गाडी चार्ज करून देणं म्हणजे वीज विकणं नव्हे, ती सेवा आहे, तिला परवाना लागत नाही, असा खुलासा ऊर्जा मंत्रालयाने 2018 साली केलेला आहे. वीज कोणत्या दराच्या जोडणीवर द्यायची तेवढं नीट विचारून घ्या, एवढंच. अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, लोकांचे गहू दळायला त्यांनी कधी मंत्रालयाला विचारलं नव्हतं. तरी गाडीसाठी वेगळी जोडणी आणि वेगळा मीटर त्यांनी रीतसर घेतला.

आता रात्री नऊला दळण संपलं की माझा नंबर. लग्नसराईत, किंवा शेजारच्या काकूंची पापडाची ज्वारी आली की, माझा नंबर मागे जातो आणि त्याबद्दल तक्रार चालत नाही. फैजपूरचे एक डॉक्टरही आता गाडी घेऊन येतात. त्यांना वाटलं होतं, दवाखान्यासारखं आधी फोन करून येता येईल. अण्णांनी त्यांना डब्यांच्या रांगेत उभं केलं.

दर ठरवताना मात्र पेच पडला. मी म्हणालो, गाडीच्या पडद्यावर जेवढे युनिट चढलेले दिसतील तेवढ्यांचे पैसे देतो. अण्णांनी मीटर पाहिला, पडदा पाहिला.

“मीटरवर उतरले चोवीस. तुमच्या गाडीत चढले एकवीस. बाकीचे तीन?”

मी खडू शोधत असल्यासारखा हात हवेत फिरवला. प्रत्यावर्ती प्रवाहाचं एकदिश प्रवाहात रूपांतर होताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने—

“म्हंजे घट,” अण्णा म्हणाले. “आपल्या धंद्यात घट गिऱ्हाइकाची असते, सर. चोवीसचे द्या.”