मडगार्डाचे दप्तर

वस्तू विकत घेण्यापेक्षा तिची चौकशी करण्यातच ज्यांच्या आयुष्याचे सार्थक होते अशा इसमांची पुण्यात कधीच वानवा पडली नाही. आपल्या आळीत, सोसायटीत, फार काय घरातसुद्धा त्यांपैकी एखादा असणारच, तेव्हा त्यांची सर्वसाधारण लक्षणे सांगत न बसता मी एकदम अण्णांच्या मडगार्डाकडे वळतो.

अण्णा एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि ज्या वयात त्यांच्या समवयस्कांनी सारसबागेच्या बाकावर गुडघ्यांच्या चर्चेला आरंभ केला, त्या वयात मुलाच्या आग्रहाने (मुलाच्या पैशाने, ही वहिनींची दुरुस्ती) त्यांनी रोड बाइक घेतली. या जातीच्या सायकलीला स्टँड नाही, कॅरिअर नाही आणि मडगार्ड तर नाहीच. शर्यतीची सायकल 6.8 किलोंहून हलकी नसावी असा आंतरराष्ट्रीय संघटनेचा 2000 सालापासून दंडक आहे, आणि त्या आकड्याच्या शक्य तितके जवळ जाण्याच्या कारखानदारांच्या अहमहमिकेत पहिला बळी मडगार्डाचा पडतो. अण्णांच्या तरुणपणची सायकल वीस किलोंच्या घरातली. तिचे मागचे पोलादी मडगार्ड चाकाला थेट खालपर्यंत कवेत घेणारे, शेपटाकडे पांढरा पट्टा, त्यावर तांबडी काच आणि पुढे महापालिकेच्या कराचा बिल्ला. त्या सायकलीवरून मनुष्य भर पावसात कचेरीत गेला तरी त्याच्या विजारीची इस्त्री शाबूत राही.

पुण्यात वर्षाकाठी 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे कोकणातल्या माणसाने ज्याला पाऊस म्हणण्यास हरकत घ्यावी इतकाच. परंतु त्याची भुरभुर अशी चिवट की आषाढ-श्रावणात आभाळ उघडे असले तरी रस्ता ओला, आणि रस्ता कोठे ना कोठे खणलेला असल्यामुळे ते पाणी पाणी न राहता राखाडी काला झालेले. असल्या रस्त्यावर सायकलस्वार वरून भिजत नाही, खालून भिजतो. टायरवरचे पाणी स्पर्शरेषेच्या दिशेने सुटते आणि अण्णांच्या पाठीवर माकडहाडापासून मानेपर्यंत चिखलाची अशी सरळ रेघ ओढते की ती पट्टी धरून आखली असावी. दर रविवारी वहिनी ती जर्सी दोन बोटांत धरून मोरीत नेतात आणि म्हणतात, "यांचं मडगार्ड येईपर्यंत माझा साबणच संपायचा."

मडगार्ड येत नव्हते, कारण ते विचाराधीन होते. अण्णांनी रीतसर दप्तर उघडले होते. पुठ्ठ्याची फाईल, तिला लाल फीत आणि वर सुवाच्य अक्षरात 'मागील मडगार्ड, काढघालीचे' असा मथळा. काढघालीचे अशासाठी की, आठ महिने कोरडे असताना चार महिन्यांचे ओझे बाराही महिने वाहणे त्यांच्या हिशेबी मनाला मंजूर नव्हते. फाईलीतील प्रत्येक मडगार्डास स्वतंत्र पृष्ठ, तपशील, गुणदोष आणि तळाशी शेरा. आणि तो शेरा काय असे हे सांगण्याची गरज नाही, कारण धाकट्या मुलीच्या लग्नाची बोलणी ज्याने एका बैठकीत चहा निवण्यापूर्वी मंजूर केली, त्या गृहस्थाने मडगार्डाच्या बाबतीत मात्र 'तहकूब' याखेरीज दुसरा शब्द लेखणीतून उतरू दिला नाही.

पहिले मडगार्ड सीटच्या दांड्याला कवळणारे, मागे उंच उभे राहणारे. अण्णांचा दांडा कार्बनचा आणि मागून चपटा. मडगार्डाची पकड गोल दांड्यासाठी घडवलेली. परिणामी खडकवासल्याच्या अलीकडे एका खड्ड्यात ते उजवीकडे वळले आणि पुढचा सर्व रस्ता त्याने शेजारून जाणाऱ्या वाहनांचे इमानाने रक्षण केले. शेरा: 'दिशाहीन. तहकूब.' दुसरे स्वीडिश पद्धतीचे. प्लास्टिकच्या सपाट पात्याला घडी घालायची आणि सीटखालच्या सळ्यांत खोचायचे. बोहरी आळीतल्या एका तराजूवर अण्णांनी ते स्वतः तोलून घेतले, वीस ग्रॅमसुद्धा भरले नाही. पण सीटखालच्या त्याच जागेवर पंक्चरच्या सामानाची पिशवी आधीपासून नांदत होती. शेरा: 'वजन मान्य. मिळकत वादग्रस्त. तहकूब.'

तिसरे मडगार्ड जर्मन. बारीक दोन काड्या, चौकटीच्या मागच्या नळ्यांना रबरी पट्ट्यांनी बांधायचे, पाना नको, स्क्रू नको. हे पाहायला अण्णांनी मला दुकानात बरोबर नेले आणि खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढून टायर व ब्रेक यांच्यामधली फट मोजायला प्रारंभ केला. एकदा हवा भरून, एकदा थोडी सोडून, एकदा मला सीटवर बसवून. दुकानदाराने अखेर अत्यंत नम्रपणे विचारले, "काका, घेणार आहात ना?" अण्णांनी चष्म्यावरून पाहिले व म्हणाले, "चौकशी पूर्ण झाली की कळवतो." टायर अठ्ठावीस मिलिमीटरचा, मडगार्ड पंचविसापर्यंतचे. 'अतिक्रमण. तहकूब.' वहिनींना मी जाताना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या साखरपुड्यातसुद्धा असंच काही मोजत होते का, आता आठवायला हवं."

रविवारच्या फेरीत मी अण्णांच्या मागून सायकल चालवीत असे; यापुढे ते सोडावे असे माझ्या मनात आले होते. परंतु मुळशीच्या पुढे, ताम्हिणीच्या वाटेवर, एका श्रावणी रविवारी ते अवघड झाले. रस्ता अरुंद, मोटारी आमच्या अंगावर कारंजे उडवीत चाललेल्या, आणि मी अण्णांच्या चाकाला खेटून. चहाच्या टपरीशी उतरलो तेव्हा माझा चष्मा पूर्ण बुजला होता. रुमालासाठी खिशात हात घातला तोच अण्णा ओरडले, "थांबा! तोंड पुसू नका!" आणि त्यांनी माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंतच्या शिंतोड्यांची बारकाईने पाहणी केली, जवळजवळ पंचनामाच.

"पाहा," ते म्हणाले, "चाकाच्या वरच्या अंगाचं पाणी माझ्या पाठीवर येतं आणि खालच्या अंगाचं मागच्याच्या तोंडावर. बाजारात जे मिळतं ते सगळं वरच्या अंगापुरतं. माझी पाठ काय, तुमच्या वहिनी धुतात. तुमचं तोंड कोण धुणार?"

इंग्लंडातल्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारांच्या संस्थेत एके काळी मडगार्डाची सक्ती होती आणि तिकडे हिवाळी फेरीत बिनमडगार्डाच्या माणसाला शेवटी जावे लागते, हेही त्यांनी मला तेथेच ऐकवले. फाईलीत त्याची नोंद होती म्हणे. दोन पावसाळे हा मनुष्य स्वतःच्या पाठीसाठी वस्तू शोधतो आहे अशी माझी पक्की समजूत होती. आणि त्याबद्दल त्याची जी थट्टा मी चारचौघांत केली तिचा हिशेब आता कोणाकडे मागावा, असा प्रश्न चहा निवेपर्यंत मला पडला होता.

पुढच्या रविवारी अण्णा पंचवीसचा टायर बसवून आले. जर्मन मडगार्ड होते. आणि त्याच्या शेवटाला, दोन रिबेटी मारून, सूर्यफूल तेलाच्या रिकाम्या कॅनमधून कापलेली जाड पट्टी जमिनीपासून चार बोटांवर लोंबत होती. पट्टीवर निम्मे सूर्यफूल छापलेले. शर्यतीच्या सायकलीला इतकी विद्रूप वस्तू मी कोठे जोडलेली पाहिलेली नाही. चौकातल्या तरुण मंडळींनी आपापल्या बिनमडगार्डाच्या सायकलींवरून त्या फुलाकडे पाहून हसून घेतले. अण्णांनी लक्ष दिले नाही. त्यांच्या पिढीने शाळेला आणि कचेरीला जाताना तिघांतिघांनी शेजारी-मागे सायकली चालवीत गप्पा मारल्या होत्या आणि पुढच्याचे चाक आपल्या तोंडावर चिखल उडवील ही शंका त्यांपैकी कोणाला शिवली नव्हती. आता सायकल तिप्पट हलकी झाली आहे आणि प्रत्येकाला फक्त आपली पाठ दिसते.

यंदाच्या पावसात कोणी काढघालीचे मडगार्ड घेणार असेल तर अण्णांच्या फाईलीतला निष्कर्ष एवढाच: आधी टायरची रुंदी पाहा, मग फट मोजा; सीटच्या दांड्याला अडकवायचे असेल तर दांडा गोल आहे याची खात्री करा; रबरी पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर अडकलेली वाळू चौकटीचा रंग खरवडते; आणि शेवटाला तेलाच्या कॅनची पट्टी जरूर जोडा. रिबेटी बोहरी आळीत मिळतात.