मोकळाच होतो मी!

अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचा आणि बॉलचा संबंध अधूनमधूनच येतो, हे समजण्यात माझे मुलीकडचे पहिले दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी हेल्मेटांच्या आतली माणसं दिसायला लागली.

मुलगी राहते दक्षिण न्यू जर्सीत, चेरी हिलला. जावई फिलाडेल्फिया ईगल्सचे भक्त. जनाबाई ज्या हक्कानं विठ्ठलाला बोल लावायची, त्याच हक्कानं ते ईगल्सना लावतात. शब्द मात्र जनाबाईचे नसतात. सप्टेंबर लागला की रविवारी दुपारी एकनंतर त्या घरात कोणी कोणाला काही विचारायचं नाही. मी आपला सोफ्याच्या कडेला, मांडीवर चिवड्याची वाटी घेऊन.

हळूहळू लक्षात आलं की मैदानातही एक जण माझ्यासारखाच कडेला असतो. बाकीचे मधोमध एकमेकांसमोर वाकून, डबक्यात शिरलेल्या म्हशींसारखे दाटीवाटीनं उभे. हा एकटा पंधरा-वीस पावलं लांब, पार पांढऱ्या रेषेशी. मांडवात मानपान राहून गेलेला थोरला जावई खांबाला टेकून उभा राहतो ना, तसा. कोणी बोलावलं तर येईन, नाही बोलावलं तर लक्षात ठेवीन.

(ही उपमा मी मोठ्यानं बोलून गेलो. जावयांनी टीव्हीवरची नजर काढली नाही, पण आवाज दोन घरं वाढवला.)

"वाइड रिसीव्हर, बाबा," ते म्हणाले. नावावरून मला वाटलं, चांगला आडवा गडी असेल. निघाला सडसडीत. वाइड म्हणजे रुंद नव्हे, कडेचा. मध्ये उभा असलेला क्वार्टरबॅक बॉल फेकणार आणि यानं पळत जाऊन तो झेलायचा. काम एवढंच. भानगड इतकीच की फेकणारा एक, बॉल एक आणि झेलायला टपलेले पाच.

त्यामुळे या माणसाचा जन्म पळण्यात जातो. प्रत्येक डावात याला एक वाट नेमून दिलेली असते. बारा पावलं सरळ जा, डाव्या पायावर गर्रकन आत वळ. किंवा आत वळल्यासारखं दाखव आणि बाहेर सूट. पाठीमागे एक राखणदार लागलेला असतो, त्याला गुंगारा द्यायचा. हे सगळं जीव तोडून करायचं आणि मान वळवून बघायचं, तर बॉल भलत्याच्याच हातात. किंवा क्वार्टरबॅकला तिघांनी मिळून जमिनीत रोवलेला. एका सामन्यात असे साठेक डाव होतात. त्यात सात-आठ बॉल वाट्याला आले तर दिवस सोन्याचा. उरलेल्या पन्नास वेळा हा पळालेला असतो ते पळायचं म्हणून. परत येताना तो दोन्ही हात पसरतो आणि बाकावरच्या कोणाला तरी काहीतरी सांगतो. हेल्मेटमधून आवाज येत नाही, पण ओठ वाचायला शिकावं लागत नाही. सगळे रिसीव्हर एकच वाक्य बोलतात.

"मोकळाच होतो मी!"

हे वाक्य मी आधी ऐकलेलं होतं. आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवात नाटक बसलं होतं, तेव्हा एका शेजाऱ्यांच्या वाट्याला पोस्टमनचं काम आलं. वाक्य एकच, खरं तर शब्दच एक: "तार!" महिनाभर त्यांनी तालीम चुकवली नाही. खाकी टोपी स्वतःच्या खर्चानं आणली. आणि प्रयोगाच्या रात्री नायकानं दोन पानं खाल्ली, त्यात तार गेली. पुढची दिवाळी येईपर्यंत ते भेटेल त्याला जिन्यात थांबवून सांगत होते, "मी विंगेत तयारच होतो हो. तार हातात होती!" रिसीव्हरची अख्खी कारकीर्द म्हणजे विंगेतला तो पोस्टमन. रिसीव्हरला फक्त कोट्यवधी डॉलर मिळतात आणि जिन्याऐवजी कॅमेरा.

तो क्वचित येणारा बॉल येतो तेव्हा मात्र बघण्यासारखं असतं. जावयांनी एकदा रिमोटनं चित्र थांबवून दाखवलं. बॉल मैदानाबाहेरच निघालेला. रिसीव्हरचं सगळं धड रेषेपलीकडे हवेत तिरपं झुकलेलं, हात ताणलेले, बॉल नुसत्या बोटांच्या पेरांवर. आणि पाय? दोन्ही चवडे आतल्या हिरवळीवर, रेषेच्या अलीकडे, एकामागून एक टेकलेले. व्यावसायिक फुटबॉलचा नियमच आहे, झेलताना दोन्ही पाय आत हवेत. जावई एकेक चौकट पुढे सरकवत होते आणि बुटाच्या टोकाखालून रबराचे बारीक काळे कण उडताना दिसत होते. वर चाललेल्या गडबडीची पायांना गंधवार्ता नव्हती. मुंडावळ्या बांधून पाटावर उभी असलेली नवरी पायाच्या अंगठ्यानं जमीन चाचपते, तितक्या नाजूकपणे ते टेकले होते. हे करणारा माणूस नंतर थोडा नाचला तर बिघडलं कुठे, असं मला वाटलं. जावयांना वाटलं नाही, कारण तो पलीकडच्या टीमचा होता.

या जातीचा मुकुटमणी कोण, असं विचारलं की अमेरिकेत दोन नावं येतात. शहाण्यांना विचारलं तर जेरी राइस. जावयांना विचारलं तर टेरेल ओवेन्स, आणि ते नाव घेताना दात आवळलेले.

राइस मिसिसिपीतल्या एका खेड्याजवळचा. वडील गवंडी. सुट्टीत भाऊ खालून विटा फेकायचे आणि हा वर उभा राहून त्या झेलायचा. वीट सुटली तर काय होतं हे पायाच्या बोटांना माहीत असल्यावर बॉल सुटायचं काही कारण राहत नाही. माणूस धावण्यात फार वेगवान नव्हता म्हणतात. पण सॅन फ्रान्सिस्कोजवळ अडीच मैलांची एक चढण आहे, ती तो सुट्टीतही पळत चढायचा. वीस हंगाम खेळला, १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड. दुसऱ्या क्रमांकाचा लॅरी फिट्झगेराल्ड पाच हजारांहून जास्त यार्ड मागे आहे. एवढा सालस, कामसू रिसीव्हर म्हणजे वेळेवर येणारा शिंपी. अशा माणसावर व्यक्तिचित्र लिहिता येत नाही, चरित्र लिहावं लागतं.

व्यक्तिचित्रासाठी ओवेन्स.

१९९६ साली टीमांनी नवे खेळाडू ओळीनं निवडले, त्यात तो ८९वा होता. त्या वर्षीचा पहिलाही रिसीव्हरच, कीशॉन जॉन्सन. त्यानं एक हंगाम खेळून लगेच पुस्तक काढलं: 'जस्ट गिव्ह मी द डॅम बॉल!' या जातीबद्दल मला जे सांगायचं आहे ते त्यानं मुखपृष्ठावरच उरकलं.

ओवेन्स सॅन फ्रान्सिस्कोच्या टीममध्ये राइसच्या हाताखाली तयार झाला. १७ डिसेंबर २०००. राइसचा त्या मैदानावरचा त्या टीमकडून शेवटचा सामना, सोळा वर्षांचा निरोप. लोक डोळे पुसायच्या तयारीनं आलेले. त्या दिवशी ओवेन्सनं वीस बॉल झेलले. वीस! एका सामन्यात तोवर कोणी झेलले नव्हते एवढे. गुरुजींच्या निरोप समारंभात आभार मानायला उठलेल्या शिष्यानं दीड तास स्वतःची कविता वाचावी, तसं झालं. यात त्याचा दोष नाही, फेकणारा त्याच्याकडे फेकत होता. पण असा योगायोग राइसच्या हातून दुसऱ्या कोणाच्या निरोपाला झाला नसता, एवढं खरं.

त्याच हंगामात डॅलसला त्यानं आणखी एक गंमत केली. डॅलस काउबॉइजच्या मैदानात मधोमध निळा तारा रंगवलेला असतो, त्यांचं कुलदैवतच म्हणा. ओवेन्सनं टचडाउन केला, म्हणजे बॉल पार टोकाच्या रेषेपलीकडे नेला, आणि तिथून थेट मधल्या ताऱ्यापर्यंत धावत गेला आणि आभाळाकडे तोंड करून दोन्ही हात पसरले. थोड्या वेळानं पुन्हा. दुसऱ्या खेपेला डॅलसचा जॉर्ज टीग मागून आला आणि त्याला ताऱ्यावरून उडवला. ओवेन्सला स्वतःच्याच कोचनं आठवडाभर घरी बसवलं. २००२ साली सिअ‍ॅटलच्या सामन्यात टचडाउन झाल्यावर मोज्यातून मार्कर पेन काढून बॉलवर सही केली आणि तो आपल्या आर्थिक सल्लागाराला दिला. आता हा गृहस्थ तासभर मोज्यात पेन खुपसून पळत होता. म्हणजे आज बॉल येणार याची केवढी खात्री!

मग २००४ मध्ये तो ईगल्सकडे आला आणि आमच्या घराण्याशी त्याचा संबंध जुळला. जावई तेव्हा नुकतेच नोकरीला इकडे आलेले, अविवाहित, फुटबॉल नवा. ओवेन्सनं चौदा सामन्यांत चौदा टचडाउन केले. डिसेंबरात पाय मोडला. हाडात स्क्रू बसवले. डॉक्टर नको म्हणत असताना सात आठवड्यांत तो सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, उतरला आणि नऊ बॉल झेलले, १२२ यार्ड. ईगल्स तरीही हरले.

"तीन पॉइंटनी, बाबा," जावई म्हणाले. इतकी वर्षं झाली, आवाज कालच्यासारखा.

इथवर ओवेन्स म्हणजे बाजीप्रभू. पण सहा महिन्यांत बाजीप्रभूंनी सात वर्षांच्या कराराचं एकच वर्ष संपलेलं असताना नवा करार मागितला, क्वार्टरबॅक डॉनोव्हन मॅकनॅबशी बोलणं टाकलं आणि कोचशी वाजवलं. ऑगस्ट २००५ मध्ये सराव शिबिरातून त्याला घरी पाठवलं. घर मूर्सटाउनला, आमच्या चेरी हिलपासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. आपल्याकडे रुसलेला माणूस आतल्या खोलीत जाऊन पांघरूण घेतो. हा घराबाहेर ड्राइव्हवेवर उघड्या अंगानं उताणा झाला आणि कॅमेऱ्यांच्या गराड्यात पोटाचा व्यायाम करत प्रश्नांना उत्तरं द्यायला लागला. बोलावलं नाही ना? बघा, काय पोट आहे.

पुढच्या वर्षी तो गेला कुठे, तर डॅलसला. त्याच ताऱ्यावर. तिथे त्याचं क्वार्टरबॅक टोनी रोमोवर एवढं प्रेम बसलं की जानेवारी २००८ मधल्या पराभवानंतर रोमोला नावं ठेवू नका म्हणत तो काळ्या चष्म्याआड पत्रकारांसमोर रडला. ईगल्सच्या भक्तांना त्याचं रडणं त्या पराभवापेक्षाही गोड लागलं असावं.

एकदा जावयांनी त्याच्या लहानपणाचं सांगितलं. अलाबामातल्या अलेक्झांडर सिटीत आजीनं वाढवलेला मुलगा. अकराव्या वर्षी त्याला समोरच्या घरातली मुलगी आवडायला लागली. तिच्या वडिलांनी एक दिवस त्याला सांगितलं की असं नाही चालायचं, ती तुझी बहीण लागते. रस्त्यापलीकडे राहणारा तो माणूसच त्याचा बाप होता. ओवेन्सनं हे स्वतः सांगून ठेवलं आहे. रस्त्याच्या अल्याड तो, पल्याड बाप, आणि इतकी वर्षं तिकडून काही फेकलं गेलं नव्हतं.

"हे माहीत नसतं तर त्याला शिव्या घालणं सोपं गेलं असतं," जावई म्हणाले. आणि मग घातल्या.

रिसीव्हर सगळेच असे रुसके नसतात. काही नुसते खुशालचेंडू. सिनसिनाटीचा चॅड जॉन्सन पाहा. शर्टावर ८५ आकडा म्हणून त्यानं २००८ मध्ये कायद्यानं आडनाव बदलून 'ओचोसिंको' केलं. स्पॅनिशमध्ये ओचो आठ, सिंको पाच. पंच्याऐंशीला स्पॅनिशमध्ये वेगळा शब्द आहे, पण सांगणार कोण? हा म्हणजे आठ-पाच-राव झाला. एका सामन्याआधी त्यानं क्लीव्हलंडच्या राखणदारांना पोटदुखीच्या औषधाच्या बाटल्या पाठवल्या. मला राखताना पोट बिघडेल, जवळ असू द्या. धर्मादाय कामासाठी घोड्याशी शर्यत लावली आणि शंभरेक मीटरची सवलत घेऊन जिंकला. यावर घोड्याचं म्हणणं कोणी विचारलं नाही. आणि हाच माणूस नंतर सांगतो की पैसे वाचावेत म्हणून सुरुवातीला मी स्टेडियममध्येच झोपायचो आणि गळ्यात घालायचो ते दागिने खोटे होते. पत्नीपासून पत लपवणारे पुष्कळ पाहिले. पत नसताना मिरवणारेही. असलेली पत लपवून वर खोटी मिरवणारा हाच.

निवृत्तीचं या मंडळींना जमत नाही. राइसलासुद्धा जमलं नाही. बेचाळिसाव्या वर्षी डेन्व्हरला गेला, सुरुवातीच्या अकरांत जागा नाही हे दिसल्यावर थांबला. मग सॅन फ्रान्सिस्कोनं त्याच्याशी एका दिवसापुरता करार केला, रक्कम १९,८५,८०६ डॉलर ४९ सेंट. १९८५ साली आला, नंबर ८०, निरोप २००६ चा, टीमचं नाव फोर्टीनायनर्स, सगळं त्या आकड्यात. दिलं अर्थातच काही नाही. आमच्याकडे शाल-श्रीफळ देतात, त्यात निदान नारळ फोडता येतो.

ओवेन्सला फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमनं दोन वर्षं दारात ताटकळत ठेवून तिसऱ्या वर्षी, २०१८ मध्ये, आत बोलावलं. बोलावल्यावर तो गेला नाही. ओहायोतल्या कँटनला समारंभ, आणि हा त्याच दिवशी टेनेसीत चॅटनूगाला, आपल्या जुन्या विद्यापीठात, सन्मानाचा सोनेरी कोट घालून स्वतःच आपला सत्कार करून मोकळा. हयातीत सन्मान मिळूनही त्या सोहळ्याला स्वतःहून न जाणारा हा पहिलाच. आयुष्यभर "माझ्याकडे फेका" म्हणून ओरडला, आणि फेकलं तेव्हा हात मागे!

२०२२ मध्ये बातमी आली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो कुठल्याशा छोट्या लीगमध्ये पुन्हा उतरतोय. जावयांनी ती मोठ्यानं वाचली आणि मोबाइल सोफ्यावर टाकला. ईगल्स त्या दिवशी हरत होते, क्वार्टरबॅकला कोणी झेलणारा सापडत नव्हता.

"तुम्ही कोच असता तर घेतला असता का याला परत?" मी भीत भीत विचारलं.

"शक्यच नाही, बाबा. माझ्या घरात नाव नको त्याचं."

पुढचा डाव झाला. बॉल रिकाम्या गवतावर पडला. त्याच्यानंतरचाही.

"पण आत्ता असता," जावई टीव्हीकडे बघत म्हणाले, "तर तिथे मोकळा असता तो."