पाचवा ‘काहून’

अकोल्यात ऊन आणि दाळमिल या दोन गोष्टी मुबलक आहेत, आणि पहिलीच्या जिवावर दुसरी चालत आली. तेलपाणी दिलेली तूर उन्हात चांगली तापल्याशिवाय टरफल सोडत नाही. माझी सासुरवाडी अशाच एका दाळमिलची. मी अमरावतीत कॉमर्स शिकवतो, त्यामुळे धंद्यातलं सोडून बाकी सगळं मला कळतं असं मामाजींचं मत आहे. साळ्याने पुण्याचा सल्लागार आणून मिलसाठी आयएसओ ९००१ घ्यायचं ठरवलं, तेव्हा ‘जवाईबापू, तुमी फक्त बसा’ म्हणून शिवणीच्या एमआयडीसीत मला बोलावणं आलं.

सल्लागाराने पहिल्याच बैठकीत सांगितलं, की जिनिव्हाची आयएसओ संस्था फक्त नियम लिहिते, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था वेगळ्या. जिनिव्हाचा शिक्का गादीच्या मागे टांगायची जागाही मामाजींनी ठरवली होती. त्यांचा निम्मा उत्साह तिथेच गेला. २०१५च्या आवृत्तीने जाडजूड गुणवत्ता-पुस्तिकेची सक्तीही काढून टाकली आहे. आमची तरी झालीच. ‘सक्ती नाही, पण बरी दिसते,’ सल्लागार म्हणाले.

खरी पंचाईत केली मोजमापाच्या कलमाने. मोजायचं साधन वेळोवेळी तपासलेलं हवं. वजनकाट्याचं जमलं. ओल मोजायचं यंत्रही आहे, पण ते कपाटात असतं आणि किल्ली साळ्याकडे. गाडी आली की मुनीमजी पोत्यात परखी खुपसतात, हातावर आलेल्या तुरीतला एक दाणा दाढेखाली धरतात, ‘कट्’ आवाज झाला की क्षणभर डोळे मिटतात आणि सांगतात, “अकरा. घ्या.” (सरकारी खरेदीत बारा टक्क्यांपर्यंत ओल चालते.) हौस म्हणून यंत्र काढून ताडून पाहिलं, तर तेही अकराच्याच आसपास घुटमळलं. सल्लागार हरले. त्यांनी तक्त्यात लिहिलं : साधन – दाढ, उजवी, खालची. पुढचा रकाना : मागील तपासणी.

“दिवाळीच्या आंधी,” मुनीमजी म्हणाले. “चांदी भरली न तिच्यात.”

मग आली टोयोटाची पद्धत. ताइइची ओहनो यांची शिकवण अशी, की काही बिघडलं तर लागोपाठ पाच वेळा ‘का’ विचारायचं. फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण नव्हतं; वंगण नव्हतं, कारण पंप ओढत नव्हता; पंप ओढत नव्हता, कारण दांडा झिजला होता; आणि दांडा झिजला, कारण गाळणी न बसवल्यामुळे लोखंडाचा कीस आत गेला. नुसता फ्यूज बदलला असता तर तो पुन्हा उडाला असता. वऱ्हाडी माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. ‘चहा घे’ म्हटलं तरी तो आधी ‘काहून?’ विचारतो.

त्याच आठवड्यात फटका दाळीत चुनी निघाली आणि मुंबईहून माल परत आला. चाळणीजवळ सगळे गोळा झाले. मिस्त्री, हमाल, मुनीमजी आणि खुर्चीवर मामाजी.

“चुनी आली काहून?”

“चाळणी फाटली होती.”

“फाटकी चालवली काहून?”

“नवी आली नाही.”

“काहून नाही आली?”

“मागणीची चिठ्ठी मंजूर नाही झाली.”

“मंजूर काहून नाही झाली?”

“सही नव्हती.”

सल्लागाराने पाचव्या प्रश्नासाठी तोंड उघडलं. मिस्त्री पट्ट्याकडे पाहू लागला, हमालांना एकदम पोती आठवली. मुनीमजींनी मात्र गादीवरचा पानाचा डबा उचलला. चिठ्ठी त्याच्याखाली होती, काताचा डाग पडलेली.

“चारात समजते ना बावा,” मामाजी म्हणाले. “पाचवा कायले पायजे?”

पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली. आमच्या मिलमध्ये आता चारच ‘काहून’ आहेत. त्या पानावर मामाजींची सही आहे. ती त्याच दिवशी झाली.