लाईट नाय!

जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही मळ्यात संध्याकाळी जा. पडवीत बल्ब ढणाढणा जळतोय, आत टीव्हीवर मालिका चाललीय, आणि त्याच उजेडात बसलेले अण्णा सांगतात, "काय करता, आज लाईटच नाय!" पुण्याच्या पाहुण्याला वाटतं, अण्णांची नजर गेली. नजर ठणठणीत आहे. आमच्याकडे लाईट म्हणजे थ्री फेज, आणि थ्री फेज म्हणजे विहिरीवरची मोटर. बल्ब काय, सिंगल फेजवरही पेटतो. उसाची तहान त्यावर भागत नाही.

इंग्रजीत 'लाईट' या एकाच स्पेलिंगखाली दोन वेगळी कुळं नांदतात. उजेडाचा लाईट हा संस्कृत 'रुच्' म्हणजे प्रकाशणे, याचा भाऊबंद. वजनाचा लाईट 'लघु'चा. आपला 'हलका'ही त्या 'लघु'चाच वंशज, त्यामुळे "लाईट घे रे" म्हणणारी कॉलेजची पोरं नकळत घरच्याच माणसाला हाक मारतात. आम्ही मात्र उजेडाचा पोरगा विजेच्या घरी दत्तक दिला आणि त्याची पोरगी करून टाकली. ती येते, जाते, रुसते. मग लाईटीचा खांब आला, लाईटीचं ऑफिस आलं. हातातल्या टॉर्चला अर्थातच 'बॅटरी' म्हणावं लागलं. लाईट हा शब्द मोटरीला देऊन बसलो होतो ना!

आमच्याच भागात, खोडद परिसरात, जीएमआरटी या रेडिओ-खगोल प्रकल्पाच्या दुर्बिणी आहेत. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्या टिपतात त्या रेडिओलहरी म्हणजे शास्त्राच्या हिशेबी प्रकाशच, फक्त डोळ्यांना न दिसणारा. शेतीची लाईटही वेळापत्रकानं कधी दिवसा, कधी रात्री येते. तेव्हा न दिसणाऱ्या लाईटसाठी रात्र जागवणारे आमच्या भागात दोन: शास्त्रज्ञ आणि बागायतदार.

शास्त्रज्ञाला उसातून जावं लागत नाही. माणिकडोह, येडगाव, डिंभे या धरणांच्या पाण्यावर ऊस वाढला आणि उसात बिबट्याची बाळंतपणं होऊ लागली. रात्रीची लाईट आली की बागायतदार एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी घेऊन, मोबाइलवर मोठ्यानं भजन लावून निघतो. बिबट्याला अंधारात उत्तम दिसतं. भजनाबद्दल त्याचं मत अजून कळलेलं नाही.

वेळापत्रक आखणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: बिबट्याच्या टापूत शेतीची लाईट कायम दिवसाच द्या. आणि ही मागणी तेवढी लाईट घेऊ नका.