न चालण्याचा दर

दाभोळचा वीज प्रकल्प दाभोळात नाही. दाभोळ वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलच्या गोपाळगडाशेजारी. पत्त्यापासूनच चकवा देणाऱ्या या प्रकल्पात सरळ वागणारं एकच कुणीतरी आहे: आतलं यंत्र.

गॅस जाळायचा, पाणी उकळायचं, की झाली वीज, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. टर्बाइन आधी बाहेरची हवा ओढून दाबतं, त्या हवेत गॅस पेटतो आणि हजार अंशांच्या वर तापलेला झोत पाती फिरवतो. पात्यांच्या दांड्याला जनित्र जोडलेलं. एवढं करून बाहेर पडणाऱ्या झोतातही सहाशेच्या आसपास अंश शिल्लक असतात. भात उतरवल्यावर निखाऱ्यावर वांगं भाजून घेणारी कोकणी गृहिणी ते फुकट जाऊ देणार नाही, आणि इंजिनिअरही देत नाही. त्या झोतावर पाण्याची वाफ करायची आणि तिच्यावर दुसरं टर्बाइन फिरवायचं. कोळशाचं केंद्र उष्णतेतल्या पस्तीस-चाळीस टक्क्यांची वीज करतं, हे पन्नासच्या पुढे जातं. राख नाही, कोळशाचे ढीग नाहीत, आणि हुकूम आला की काही तासांत तयार. अशा यंत्रांची तिथे आज १,९६७ मेगावॅट एवढी फौज उभी आहे.

समुद्रकाठ कशाला? तर गॅस जहाजातून येणार म्हणून. उणे १६२ अंशांना गॅसचा द्रव होतो, आकारमान सहाशेपटीने घटतं, म्हणून तो आखातातून बोटीने आणणं परवडतं. परवडतं, असं निदान कागदावर ठरलं होतं. प्रत्यक्षात गॅससाठी बांधलेलं हे केंद्र मे १९९९ मध्ये सुरू झालं ते नाफ्त्यावर. गॅस उतरवण्याचं टर्मिनल २०१३ च्या सुरुवातीला चालू झालं, आणि तेही लाटा अडवणारा बंधारा अपुरा ठेवून. त्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळा आला की शेजारच्या वेलदूर गावच्या होड्या किनाऱ्याला आणि गॅसची जहाजं दुसऱ्या बंदराला. कोकणात पावसाळ्यात समुद्र खवळतो, ही बातमी प्रकल्प उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीच्या ह्यूस्टनला पोचायला वेळ लागला असावा.

गंमत पुढेच आहे. ज्या वर्षी टर्मिनल सुरू झालं, त्याच वर्षी शेजारचं वीज केंद्र गॅसअभावी बंद पडलं. ज्यावर ते चालत होतं तो कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला स्वस्त गॅस आटला होता आणि दारातल्या टर्मिनलवरचा आयात गॅस परवडत नव्हता. मग तो गॅस गेला कुठे? त्याच वर्षी सुरू झालेल्या दाभोळ-बंगळुरू नळाने घाट चढून गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये रेल्वेला वीज देण्यासाठी केंद्र पुन्हा हललं, तेही पाचशे मेगावॅटच्या आसपास. बाकीचं यंत्र समुद्राची हवा खात उभं.

यात यंत्राचा दोष शोधू नका. एन्रॉनने राज्य वीज मंडळाशी केलेल्या १९९३ च्या करारात वीज विकलीच नव्हती, विकली होती ‘उपलब्धता’. मंडळाने वीज घ्यावी वा न घ्यावी, ठरलेल्या क्षमतेचे पैसे मोजायचे, आणि हिशोब डॉलरला बांधलेला. जागतिक बँकेने त्याच वर्षी सांगितलं होतं की हे परवडणार नाही, आम्ही कर्ज देणार नाही. सावकार मागे सरला तरी आपण पुढे गेलो, याला म्हणतात आत्मविश्वास.

मग एन्रॉन अरबी समुद्रात बुडवायची घोषणा झाली. तिच्यावर निवडणूक लढवली गेली आणि १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार आलं. ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला. काही महिन्यांत तो परत आला, आणि २,०१५ मेगावॅटचा होता तो २,१८४ चा होऊन आला! समुद्रात बुडवलेली वस्तू फुगून वर येते म्हणतात. सुधारित कराराला केंद्राची प्रतिहमी हवी होती. ती मिळाली मे १९९६ मध्ये, वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारकडून, जाता जाता. विश्वासदर्शक ठरावाला बहुमत पुरलं नाही, सहीला वेळ पुरला. जमिनीसाठी आणि मासळीसाठी रस्त्यावर उतरलेल्या वेलदूरच्या बायकांना मात्र पोलिसांचा मार मिळाला, तोही १९९७ मध्ये, म्हणजे बुडवणाऱ्यांच्याच राज्यात.

पुढे विजेचा दर युनिटला सात रुपयांवर गेला, मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरात खुद्द एन्रॉनने दिवाळं काढलं. माधव गोडबोले समितीने करार उघडा करून दाखवला आणि न्यायालयीन चौकशी मागितली. आयोग नेमला गेला, तो सर्वोच्च न्यायालयात अडकला. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने ते प्रकरणच मिटवलं, कारण पंचवीस वर्षं उलटून गेली होती. चौकशीला मुदत असते. वसुलीला नसते.

तीही सांगतो. एन्रॉनच्या जागी २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांची रत्नागिरी गॅस कंपनी आली. म्हणजे आता मालक आपलेच. देशी गॅस संपल्यावर कंपनी म्हणाली, आयात गॅसवर आम्ही तयार आहोत. मंडळाच्या जागी आलेलं महावितरण म्हणालं, एवढी महाग वीज नको, आणि न घेतलेल्या विजेचे पैसेही देणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: करार पाहता, वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावाच लागेल. महावितरणकडे स्वतःचा असा पैसा नसतो. तेव्हा, वाचकहो, बिलाची शेवटची तारीख पाहून ठेवा.